अवकाशातला पाणीपुरवठा

अंतराळवीर शुभांशू शुक्लांवर लिहा, असा निरोप संपादकांकडून आला. २५ जून २०२५ ला ॲक्सिऑम-४ मोहिमेचं रॉकेट उडालं, दुसऱ्या दिवशी शुक्लांसह चौघे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचले, १५ जुलैला परत आले. मूग-मेथीला तिथे मोड कसे येतात, तेही शुक्लांनी पाहिलं. एवढं धाराशिवातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला मात्र पुढचा प्रश्न पडतो: तिथे प्यायला पाणी कुठून येतं?

माणशी रोज साधारण पावणेचार लिटर लागतं. सगळं खालून नेणं परवडत नाही. म्हणून घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून तेच पाणी पुन्हा वापरतात. २०२३ पर्यंत ही वसुली ९८ टक्क्यांवर गेली.

यातला लघवी शुद्ध करणारा ड्रम माझ्या डोक्यातून जाईना. तिथल्या भारहीन अवस्थेत बुडबुडे वर येत नाहीत, वाफ आणि पाणी आपोआप वेगळं होत नाही. म्हणून ड्रम गरगर फिरवतात. लघवी आतल्या भिंतीला पातळ थरात चिकटते. हवेचा दाब अगदी कमी ठेवलेला, त्यामुळे ती थोड्या उष्णतेवरच उकळते. निघालेली वाफ दाबली की तापते, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तिचं पाणी होतं, आणि तेव्हा सुटलेली उष्णता पुढच्या लघवीची वाफ करते. एकच उष्णता पुन्हा पुन्हा राबवायची ही युक्ती केवळ अप्रतिम! मग गाळण्या, रासायनिक शुद्धीकरण, शेवटी आयोडीन.

यंत्र २००८ मध्ये वर गेलं आणि वर्षभरात तुंबलं. आपल्या बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर क्षार बसतात, तसाच प्रकार. अवकाशात हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवीत मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लाने त्यात भर घातली आणि कॅल्शियम सल्फेट साचलं. पुढे फॉस्फरिक आम्ल वापरायला लागले. २०२४ मध्ये पंपच बंद पडला. अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्या दोन बॅगा उतरवून नवा पंप त्यांच्या यानातून पाठवावा लागला.

भारताच्या गगनयान मोहिमेच्या काही दिवसांना भरून नेलेलं पाणी पुरेल. २०३५ पर्यंत उभं करायच्या भारतीय अंतराळ स्थानकाला मात्र असं यंत्र लागणारच. चाचणी जमिनीवर होईल, जमिनीवरच्या माणसांच्या लघवीवर, आणि त्यांची हाडं तशी झिजलेली नसतील. काळजी वाटते ती याचीच.