पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

परीक्षा समीप आली, की बहुसंख्य विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील धडा पुनःपुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा ओढतात, आणि तिसऱ्या वाचनात मजकूर परिचित वाटू लागला, म्हणजे तो आपल्याला येतो अशी स्वतःची खातरजमा करून घेतात. परंतु मजकूर ओळखीचा असणे आणि तो पुस्तकाच्या साहाय्यावाचून सांगता येणे यांतील अंतर प्रश्नपत्रिका हाती पडेपर्यंत त्यांच्या ध्यानात येत नाही.

हे अंतर रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वारंवार वाचला; दुसऱ्याने पहिल्या सत्रात तो वाचून पुढील तीन सत्रांत आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिला गट सरस ठरला, पण आठवड्यानंतर त्याला सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. क्षणिक यशाने विद्यार्थी फसतो तो असा, आणि यात त्याच्या आळसाचा यत्किंचितही संबंध नसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली मांडलेल्या पद्धतीत धडा प्रथम चाळावा, मथळ्याचा प्रश्न करावा, मग वाचावे, पुस्तक मिटून उत्तर द्यावे आणि शेवटी उजळणी करावी, असा क्रम आहे. पानिपतच्या १७६१ च्या युद्धाचा धडा घेतला, तर 'मराठ्यांची रसद का तुटली?' हा प्रश्न मनात धरून वाचणाऱ्याला सनावळ्यांच्या गर्दीतही कारणांची साखळी सापडते, आणि उत्तर देताना जो दुवा निसटतो, तेवढ्यासाठीच पुस्तक पुन्हा उघडावे लागते. आपल्या पुस्तकांत धड्याअखेरीस स्वाध्याय दिलेला असतो. तो आरंभीच वाचावा. मार्गदर्शिकेतील तयार उत्तरे उतरवून काढण्याची प्रथा मात्र आठवण्याचे हे श्रमच हिरावून घेते, सबब ती घातकच होय.

हीच उजळणी एका बैठकीत न उरकता दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने करावी. त्यासाठी शिकवणीची तजवीज करावी लागत नाही. शाळेचा उंबरठा फारसा न ओलांडलेली आईही, 'किती पाने झाली?' असे विचारण्याऐवजी, 'आज काय वाचलेस, ते मला समजेल असे सांग' एवढे म्हणू शकते.