पाण्याने उभा केलेला माणूस : मुरलीकांत पेटकर

‘भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक कोणी मिळवून दिले?’ हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आला, तर आपल्यापैकी बहुतेक जण नेमबाज अभिनव बिंद्रा यांचे नाव लिहितील. ऑलिंपिकपुरते ते उत्तर बरोबर आहे. बिंद्रांनी ते पदक २००८ साली बीजिंगला मिळवले. परंतु त्याच्या ३६ वर्षे आधी, १९७२ साली, आपल्याच सांगली जिल्ह्यातील एका जवानाने पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले होते, आणि तेही दोन्ही पाय निकामी झालेले असताना! त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर.

पॅरालिंपिक म्हणजे अपंग खेळाडूंचे ऑलिंपिक. त्याचा जन्म एका रुग्णालयाच्या आवारात झाला. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले सैनिक इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे उपचार घेत. तेथील डॉक्टर लुडविग गुटमन यांचे मत असे, की अशा रुग्णाला नुसते झोपवून ठेवणे म्हणजे त्याला हळूहळू मरू देणे होय. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पहिले पॅरालिंपिक भरले. भारताने त्यात प्रथम भाग घेतला तो १९६८ साली, तेल अवीव येथे.

पेटकर मूळचे पोहणारे नव्हेत. ते सैन्यातील मुष्टियोद्धे. लष्कराच्या ई. एम. ई. दलात ते जवान होते आणि मुष्टियुद्धात त्यांनी नाव काढले होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या शिरल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात कायमचीच राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्याची सारी कमाई पायांच्या चपळाईवर आणि मुठीच्या जोरावर, त्याच्यावर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून ते पाण्यात उतरले. येथे थोडे थांबून पाण्याचा गुण समजून घेतला पाहिजे. जमिनीवर माणसाला स्वतःचे सगळे ओझे पायांवर पेलावे लागते. पाण्यात हे ओझे पाणीच उचलते. म्हणून जो माणूस जमिनीवर उभा राहू शकत नाही, तो पाण्यात कोणाच्या आधाराशिवाय पुढे सरकू शकतो. मात्र हे वाटते तितके सोपे नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत मुले विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून ढकलले, की काठावरून मोठी माणसे ओरडतात, ‘पाय मार, पाय मार!’ कारण पाय थांबले की कंबर खाली जाते आणि माणूस बुडू लागतो. पेटकरांना हे पाय मारणेच शक्य नव्हते. लोंबकळणारे पाय मागे ओढत राहणार आणि ती ओढ तोडून पुढे जायचे ते केवळ खांद्यांच्या व दंडांच्या बळावर. मुष्टियोद्ध्याने कमावलेले खांदे येथे उपयोगी पडले.

तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले होते. १९७२ चे पॅरालिंपिक जर्मनीतील हायडेलबर्गला भरले. त्यात ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले. सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय तो जागतिक विक्रमही ठरला.

पेटकरांची गोष्ट सांगताना सगळे ‘जिद्द’ हा शब्द वापरतात. जिद्द होतीच. पण मला येथे वेगळे काही म्हणायचे आहे. आमच्या आळीतले एक काका शेळ्यांसाठी लिंबाचा पाला काढताना झाडावरून पडले. मणक्याला मार लागला आणि पाय गेले. तेव्हापासून ते ओसरीत बाजेवर आहेत. बसल्या बसल्या असा दोर वळतात, की पीळ सुटत नाही. त्यांच्या हातात बळ आहे, मनातही आहे. मग फरक कोठे पडला? पेटकरांना सैन्याचे रुग्णालय मिळाले, शिकवणारे मिळाले, पोहण्याचा तलाव मिळाला. परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य मिळाले. काकांना मिळाली ती बाज.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. लोक म्हणतात, पोरगा हुशार निघाला. पण एस.टी.चा सवलतीचा पास आणि शिष्यवृत्ती नसती, तर ही हुशारी ढोरांमागे फिरली असती. जिद्दीला पाय ठेवायला जागा लागते, ती कोणीतरी करून द्यावी लागते.

ज्याने जग जिंकले त्याचीही आपण वेळेवर आठवण ठेवली नाही. अर्जुन पुरस्कारासाठी पेटकरांनी केलेला अर्ज नाकारला गेला. पुढे त्यांनी पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला.

पूर्वी ‘पांगळा’ म्हणत, मग ‘अपंग’ म्हणू लागले, आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द गोड होत गेले, ही चांगलीच गोष्ट आहे. सार्वजनिक इमारतींत चाकाची खुर्ची जाऊ शकली पाहिजे, असे सांगणारा कायदाही २०१६ साली झाला. तेव्हा मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या मोजा. त्यांच्या बाजूला उतरण बांधलेली आहे का, तेही पाहा. नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा. एखाद्या ओसरीतल्या बाजेवरही एक पेटकर असू शकतो.