उत्तनचा बोंबील आणि गुड फ्रायडेचं उधाण

अर्धवट वाळलेला बोंबील वजनाला जड भरतो. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो एक दिवस आधी वलांडीवरून काढला, तर उरलेलं पाणीही किलोच्या भावाने विकता येतं. मीरा रोडच्या बाजारात गिऱ्हाइकाला ते कळत नाही. कळतं ते काही दिवसांनी, डब्याचं झाकण उघडल्यावर, बुरशीच्या वासाने. तोवर विकणारी कोण होती, हेही आठवत नसतं.

मीरा-भाईंदर म्हटलं की इमारतीच डोळ्यांपुढे येतात. पण भाईंदर पश्चिमेहून बस पकडून डोंगरी मागे टाकलं की उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावं लागतात, तीही याच महापालिकेत. इथले कोळी बहुतांशी कॅथलिक, आणि घरात बोली मराठी. 1534मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. सत्ता पालटली, पण मिस्सा चालू राहिली आणि मासेमारी तर त्याआधीपासूनची. बोटींवर मारियामातेचं किंवा एखाद्या संताचं नाव, आत क्रूस. येणाऱ्याजाणाऱ्याला हेच आधी दिसतं आणि फोटोही याचेच निघतात. मला त्यात फारसा रस नाही. नाव रंगवायला रंगारी पुरतो.

वलांडी म्हणजे बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून केलेला मांडव. बोटीवरून आलेल्या ढिगातून मांदेली, वाकटी, जवळा वेगळा काढायचा, बोंबील धुवायचे आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. हे काम बायकांचं. हात इतके सरावलेले की बोलणं चालू असताना बोटं मासा न बघता जोड्या लावत जातात. मीठ लावत नाहीत. सगळा भरवसा ऊन आणि वाऱ्यावर. वारा कोरडा असला तर दोन-तीन दिवसांत मासा खडखडीत होतो. हवा दमट असली की दिवस वाढतात, आणि अवकाळी पावसाची एक सर आली तर दोरीवरचा सगळा माल खतात जातो. त्यामुळे आभाळ भरून आलं की माल लवकर काढायला सबळ कारण मिळतं, आणि लबाडीलाही.

मी एका मावशींच्या शेजारी बसून हे पाहत होतो. त्या बोंबील हातात घेऊन डोक्याजवळ, जिथे मांस जाड असतं तिथे, अंगठ्याने दाबत. ओल लागली की जोडी परत दोरीवर. आदल्या दिवशी ढगांच्या भीतीने काढलेला माल त्यांनी वेगळ्या टोपलीत ठेवला होता. तो ओला म्हणूनच, कमी भावात विकायचा. असं का, म्हणून विचारलं. वाटलं होतं, देवाचं नाव घेतील. “गिऱ्हाईक रोजचं हाय,” एवढंच म्हणाल्या.

उत्तर खरं होतं, आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली. सचोटीने धंदाही टिकतो. मग त्यात श्रद्धा किती आणि व्यवहार किती, हे बाहेरच्याने कसं ओळखायचं? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981मध्ये माणसाच्या श्रमावर एक अख्खं परिपत्रक लिहिलं, ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’. काम करणारा माणूस निर्मात्याच्याच कामात सहभागी होतो, असं त्याचं म्हणणं. वाचताना पटतं, टोपलीपाशी बसल्यावर मात्र ते नेमकं कुठे बघायचं, हे सापडत नाही.

मला ते सापडलं भरती-ओहोटीच्या हिशेबात.

बायबलमधला पेत्र रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परततो. उत्तनची डोल तशी टाकत फिरायची नसते. ती नरसाळ्यासारखी लांबलचक पिशवी; तिचं तोंड प्रवाहाकडे करून ती समुद्रात बांधून ठेवायची आणि पाणी जे आणेल ते घ्यायचं. भरती-ओहोटीच्या संधीला पाणी थांबलं की जाळं उचलायचं. म्हणजे सगळी भिस्त प्रवाहाच्या जोरावर. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी ढिलं. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण, तेव्हा डोल भरते. चर्चचा रविवार सात दिवसांनी येतो, समुद्राचा आठवडा तिथीने चालतो.

आणि ईस्टर? 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार. त्याआधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. म्हणजे तोही चंद्रालाच बांधलेला: फार तर पौर्णिमेच्या एक दिवस आधी, नाहीतर नंतरच्या पाचेक दिवसांत. 2023मध्ये हनुमान जयंती गुरुवारी 6 एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे. 2026मध्येही तसंच, 2 आणि 3 एप्रिल. ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस पाळायचा, तर अनेकदा ऐन उधाणात पाळावा लागतो. बोंबील वाळवायला कडक ऊन, पुढे 1 जूनपासून पावसाळी बंदी, हातात मोजके आठवडे. आणि त्यातला भरल्या प्रवाहाचा दिवस सोडून द्यायचा. इथे गिऱ्हाईक टिकण्याचा प्रश्नच नाही. बोट धक्क्याला राहिली म्हणून कोणी चार रुपये जास्त देत नाही.

एका नाखव्याला मी हे विचारलं. सोडलेल्या दिवसाबद्दल त्याला विशेष काही वाटत नव्हतं. बाप सोडायचा, आपण सोडतो. त्याची अडचण वेगळी होती. त्याचे खलाशी परमुलखातले, त्यांना गुड फ्रायडे म्हणजे नुसती सुट्टी. माझ्या उपासाचा भुर्दंड त्यांनी का सोसायचा, असं तो म्हणाला. म्हणून त्या दिवसाचा पगार तो कापत नाही. भोवतीच्या एकदोघांना हे पटत नसावं. डिझेलचे भाव, बर्फाचे भाव असं बोलणं सुरू झालं. मला विचाराल तर बोटीवर रंगवलेल्या नावापेक्षा या न कापलेल्या पगारात मला जास्त ख्रिस्त दिसला. हे मी त्याला सांगितलं नाही. तो हसला असता.

त्याने विषयच बदलला. मोबाइलवर कॅलेंडर काढून तो पुढचं वर्ष बघू लागला. 2027मध्ये पौर्णिमा 22 मार्चला, गुड फ्रायडे 26 ला. मध्ये तीन दिवस. “बरं आहे,” म्हणाला, “उधाण पदरात पडेल.”