मँचेस्टर ते चांद्रयान, व्हाया बारामती-इंदापूर

डेव्हिड रिकार्डो लंडनचा. जमिनीच्या खंडाविषयीचा त्याचा सिद्धांत आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घाम फोडतो. लंडनमध्ये कागदावर मांडलेल्या या सिद्धांताची परीक्षा मात्र खऱ्याखुऱ्या ढेकळांमध्ये झाली. पेशवाई गेल्यावर काही वर्षांतच ती पुणे जिल्ह्यात झाली आणि तिचा निकाल इंदापूरच्या रानात लागला.

परीक्षा घेणारा अधिकारी होता रॉबर्ट कीथ प्रिंगल. तो शिकला ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात. तिथे अर्थशास्त्र शिकवायला होता थॉमस माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे आपल्याला माहीत असलेला तोच. प्रिंगलने हिशेब असा मांडला: शेताचं उत्पन्न काढा, त्यातून मशागतीचा खर्च वजा करा, जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर सगळं चोख होतं. पण मोजण्या चुकल्या, उत्पन्नाचे अंदाज फसले, त्यात धान्याचे भाव पडले. सारा परवडेना, तेव्हा माणसं जमिनी टाकून निघून गेली. इंदापूर परगण्यात पडीक रान वाढत चाललं.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचं गणित त्यांनी बाजूला ठेवलं. मातीचा रंग आणि खोली पाहायची, तिची प्रत आण्यांत ठरवायची, शेताला नंबर द्यायचा आणि सारा तीस वर्षांसाठी पक्का करायचा, अशी ही पद्धत. ती चालली आणि पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. आज बांधावरच्या भांडणात आपण जो ‘सर्व्हे नंबर’ तावातावाने सांगतो, त्याच्या पद्धतीची सुरुवात इंदापूरची आहे. जमाबंदीच्या इतिहासात इंदापूरला मानाचं पान आहे आणि ही गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

लिंकनची लढाई, सुप्याचा बाजार

आता सुपे. पुणे-सुपे जहागिरीतलं हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. १८७५ मध्ये ते भीमथडी तालुक्यात होतं आणि मोठ्या बाजारपेठेचं गाव म्हणून नावाजलेलं होतं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा, तोही गुलामांच्या कष्टावर पिकलेला. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या नौदलाने अडवली आणि मँचेस्टरच्या चात्या थांबायची वेळ आली. गिरणीमालकांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. १८६२ पर्यंत ब्रिटनला जाणाऱ्या कापसातला बहुतांश कापूस हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईच्या व्यापाऱ्याने गावच्या सावकाराला पैसा दिला, सावकाराने शेतकऱ्याला. मागाल तेवढं कर्ज मिळण्याचे दिवस होते ते.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात उतरला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटला, गावात सावकाराने हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास इंदापुरातल्या सारापद्धतीची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा चांगलाच चढला. भाव पडलेले, सारा वाढलेला आणि कर्ज मिळेनासं झालेलं, अशा कात्रीत शेतकरी सापडला.

त्यातच १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, अशी त्यात तरतूद होती. व्याज अवाच्या सवा साचू नये, हा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द करायचा, मुद्दल आणि व्याज एकत्र करून त्याचा नवा रोखा लिहायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यानेच त्याचा फास आवळला.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. त्यांनी व्यापारी-सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. वह्या जाळल्या गेल्या, धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आग लावली गेली. मला यातली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे लोकांचा रोख. आपल्याला बांधून ठेवणारी गोष्ट कागदावर आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. हे लोण अहमदनगरपर्यंत पोचलं. सरकारने ‘दख्खन दंगल आयोग’ नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा वेगळा कायदा केला. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात सुप्याची ही हकीकत आहे. त्यामुळे देशभरातली मुलं ‘सुपा’ हे नाव वाचतात.

पंतांचं वर्ष

मधेच एक छोटी गंमत. कविवर्य मोरोपंतांचा काळ १७२९ ते १७९४. त्यांची बरीचशी हयात बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने गेली. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाच्या सुधारणेचं पेटंट घेतलं १७६९ मध्ये, तेव्हा पंत चाळिशीत होते. अमेरिका स्वतंत्र झाली, बॅस्टिल पडलं, तेव्हाही कऱ्हेकाठी पंतांची आर्या चालूच होती. १७९४ च्या एप्रिलमध्ये पंत गेले आणि त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये रोबेस्पिअरचा शिरच्छेद झाला. सनावळी पाठ होत नसेल, तर मोरोपंतांच्या आयुष्यावर ती टांगून पाहा.

पॅसिफिकचा वारा, नीरेचं पाणी

१८७६-७८ चा दुष्काळ बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त टापूला फार जबर बसला. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही भीषण दुष्काळ होता. आज हवामानशास्त्रज्ञ या तिन्हींचा संबंध पॅसिफिक महासागरातल्या प्रबळ एल निनोशी जोडतात. पण पाऊस न पडणं वेगळं आणि माणसं मरणं वेगळं. धान्य होतं तिथून निर्यात चालू राहिली, हे त्या काळाचं पाप आहे आणि ते इतिहासात तसंच लिहिलं पाहिजे.

दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. त्यामागे भाटघरचं धरण उभं राहिलं. त्याच्या खालच्या बाजूचं आजचं मोठं लॉइड धरण १९२८ च्या सुमाराचं. पाणी आलं तशी उसाची बागायत आली आणि तिच्यापाठोपाठ जमिनी खारावल्या. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे या दोघांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. चोपण रानाचं दुखणं सव्वाशे वर्षांचं आहे, हे ठिबक बसवायला काचकूच करणाऱ्याने एकदा वाचावंच.

महामंदीत उभा राहिलेला कारखाना

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मालाचे भाव गडगडले. साखरेचेही. त्या वेळी हिंदुस्थानच्या बाजारात जावा बेटाची साखर स्वस्तात यायची, आणि ते बेट होतं डचांच्या ताब्यात. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि आयातीवर जबर जकात बसली. देशात तोवर तीसेक साखर कारखाने होते. पाच वर्षांत ते १३० च्या पुढे गेले.

त्यातलाच एक इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर उभा राहिला. त्याच्या भोवती वसलेलं गाव म्हणजे वालचंदनगर.

आता यातली खरी गंमत. जावाची साखर अडवली, पण जावाचा ऊस मात्र इथल्या कालव्यांवर मानाने वाढला. पीओजे २८७८ ही तिथली जात दख्खनच्या कालव्यांवर पसरली. पुढे कोइंबतूरला तिचा संकर करून को ४१९ हा वाण निघाला, त्याने महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याची कित्येक वर्षं गाजवली. नीरेच्या पलीकडच्या काठावर पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं तेही १९३२ मध्येच. आज आडसाली लागण करताना ज्याच्या नावाने शेतकरी बेणं मागतो, तो २६५ तिथलाच.

जहाजाची दोन नावं, तीन जन्म

वालचंदनगरला ज्यांचं नाव मिळालं, ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ चा. लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. या माणसाच्या हातून जे जहाज गेलं, त्याची कहाणी ऐका.

१८९१ मध्ये ते इंग्लंडमध्ये तयार झालं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने. मालक कॅनेडियन पॅसिफिक कंपनी, फेऱ्या व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग. पहिल्या महायुद्धात ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलं, नाव ठेवलं ‘लॉयल्टी’, आणि जखमी सैनिकांसाठी ते तरंगतं इस्पितळ झालं. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतलं आणि आपल्या कंपनीला शिंद्यांच्याच नावावरून ‘सिंदिया’ म्हटलं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघालं. इंग्रजांच्या आगबोट कंपन्यांची मक्तेदारी तेव्हा इतकी घट्ट होती, की भारतीय मालकीचं जहाज परदेशी जाणं हीच बातमी होती. म्हणून ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. बेंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, प्रीमियर मोटार या सगळ्यांच्या सुरुवातीला हेच नाव आहे.

वालचंदनगरला साखरेच्या यंत्रांपासून सुरू झालेली कारागिरी पुढे अणुऊर्जेच्या आणि अवकाशाच्या कामापर्यंत गेली. इस्रोसाठी तिथे १९७० च्या दशकापासून काम होतं. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टरचे भाग वालचंदनगरचे होते. ऊस गाळणाऱ्या गावाने चंद्राकडे जाणाऱ्या वाहनाला अंग दिलं. याचा अभिमान इंदापूरकराने मोठ्या आवाजात सांगावा.

बॉम्बविमान ते ॲपे

इटलीतल्या पोंतेदेराच्या कारखान्यात पियाजिओ कंपनी विमानं बनवायची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात तो कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध हरलेल्या देशात विमानं कोण घेणार? माणसांना स्वस्त वाहन हवं होतं. हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आखली आणि दोन वर्षांनी तिला मागे हौदा लावून तीनचाकी ॲपे निघाली. १९९९ च्या सुमारास तिचं उत्पादन बारामतीच्या एमआयडीसीत सुरू झालं आणि २०१२ पासून व्हेस्पाही इथे बनू लागली. बाजारच्या दिवशी दहा-बारा माणसं आणि कोथिंबिरीचे भारे घेऊन जाणाऱ्या ॲपेचा जन्म महायुद्धाच्या राखेतला आहे.

बारामतीतल्या फेरेरोच्या कारखान्यात किंडर जॉय बनतं. फेरेरो ही इटलीतल्याच आल्बा गावातली कंपनी. युद्धानंतर कोको मिळेनासा झाला, म्हणून तिने हेझलनट वाटून चॉकलेटमध्ये घातलं. हा उपाय तिथल्या हलवायांना नेपोलियनच्या नाकेबंदीपासून माहीत होता, असं सांगतात. बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं चीज मॅकडोनल्ड्सच्या बर्गरमध्ये गेलं आणि पुढे त्या डेअरीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधली श्रायबर कंपनी आली. गोठ्यातली एचएफ गाय डच-जर्मन किनाऱ्याकडची, जर्सी इंग्लिश खाडीतल्या एका बेटाची. भिगवणजवळ कागदाचा कारखाना उभारला तो जकार्ताच्या सिनार मास समूहाने, म्हणजे पुन्हा जावाहून. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाने इंडोनेशिया हादरला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना भारतीय कंपनीकडे आला.

सध्याची बातमी उसाची आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर आणि हवामानाची माहिती एकत्र करून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी जाहीरपणे या प्रयोगाचा उल्लेख केला. जागतिकीकरणावरचं पुढचं टिपण काढणाऱ्या विद्यार्थ्याने माळेगाव रस्त्याला जाऊन तो फड पाहावा, शेतकऱ्याशी बोलावं आणि एकच प्रश्न आवर्जून विचारावा: ही सगळी माहिती साठते कुठे, आणि तिचा मालक कोण?