मधले साडेबारा सेंटिमीटर

बडोद्यात मकरपुऱ्याकडे ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत. तिथे कोअर रचताना पाहावा. पाव मिलिमीटर जाडीचे सिलिकॉन-पोलादाचे पत्रे कामगार एकावर एक बसवतात आणि प्रत्येक थराचा सांधा आधीच्या थरापेक्षा थोडा सरकवून घेतात. चुंबकीय प्रवाहाच्या वाटेत हवा येऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी खबरदारी. सांध्यात फट राहिली की रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचाही करंट वाढतो, आवाज वाढतो.

फट बुजवण्याचं हे कसब बडोद्यात एका दिवसात आलेलं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांना हाताशी धरून कलाभवन काढलं, ते हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र कळावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे ती त्याच कलाभवनाच्या परंपरेतली. १९४३ मध्ये नानूभाई अमीनांची ‘ज्योती’ उभी राहिली, १९७४ मध्ये विजेची उपकरणं तपासणारी ‘एर्डा’ ही संशोधनसंस्था आली. तांब्याचं वेटोळं म्हणजे काय, हे या शहराला सांगावं लागत नाही. म्हणूनच बिनतारी वीजवहनाचं संशोधन इथल्या माणसाला चटकन कळतं, आणि अंगावरही येतं. कारण त्यात कोअरची अखंड वाट मुद्दाम तोडायची असते.

नियम तोच ट्रान्सफॉर्मरचा, १८३१ चा फॅरेडेचा. एक वेटोळं जमिनीत, दुसरं विजेवर चालणाऱ्या गाडीच्या पोटाशी, मधे हवा. ट्रान्सफॉर्मरमध्ये पहिल्या वेटोळ्याचा जवळजवळ सगळा चुंबकीय प्रवाह दुसऱ्यातून जातो. गाडीखाली त्यातला साधारण दहा ते तीस टक्के पोचतो. मग उरलेली वीज वाया गेली का? इथे बहुतेकांची गफलत होते. न पोचलेला प्रवाह जळत नाही, प्रत्येक आवर्तनात तो आपल्या वेटोळ्याकडे परततो. त्रास वेगळाच असतो. हे येणं-जाणं चालू ठेवायला भलामोठा करंट फिरवावा लागतो आणि तो तांबं तापवतो. त्यावर तोड म्हणून दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावून वेटोळी एकाच कंपनसंख्येला जुळवतात. बडोद्याच्या घराघरांतला झोपाळा जसा नेमक्या लयीत पायाने रेटला की थोड्या जोरात उंच जातो, तसं हे काम चालतं.

कंपनसंख्या वाढवली की कमी प्रवाहातूनही पुरेशी वीज मिळते. मोटारींसाठी ८५ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा जगभर ठरला आहे. पण तिथे तांबंच वेगळं वागायला लागतं. घरच्या ५० हर्ट्झला करंट तारेत नऊ मिलिमीटरपर्यंत खोल शिरतो, ८५ किलोहर्ट्झला जेमतेम पाव मिलिमीटर. जाड तार घेऊन उपयोग नाही, तिचा गाभा रिकामाच राहणार. म्हणून केसासारख्या शेकडो तारा, प्रत्येकीवर वेगळा इनॅमल, सगळ्या एकत्र पिळून दोर केलेल्या. ही लिट्झ तार हातात घेतली तर सुतळीसारखी मऊ लागते. तिच्या टोकाला डाग देणं हे मात्र खरं कौशल्य: एकेका तारेवरचा इनॅमल निघाला पाहिजे, नाहीतर तेवढ्या तारा फुकट.

इतिहास थोडक्यात. टेस्लाला हवेतून दूरवर वीज पाठवायची होती, पैसा आटला आणि त्यासाठीचा मनोरा अर्धवट राहिला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या जॉन बॉइज आणि ग्रँट कोव्हिक यांनी जवळच्या अंतराचा प्रश्न धरला. त्यांचं तंत्र आधी कारखान्यांत सामान वाहणाऱ्या गाड्यांवर चाललं, मोटारींकडे नंतर आलं. २००७ मध्ये एमआयटीत दोन मीटरवरून ६० वॉटचा दिवा पेटवला. बातमी त्याचीच झाली, पण माझ्या मते मोठं काम ऑकलंडचं.

आपल्याकडचं काम नागपूरचं. ‘व्हीएनआयटी’ आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने मिळून दीड किलोवॉटचा बिनतारी चार्जर तयार केला. साडेबारा सेंटिमीटर अंतरावरून तो ४८ व्होल्टला वीज देतो, कार्यक्षमता ८९ टक्क्यांच्या आसपास. हे तंत्रज्ञान २०२५ मध्ये उद्योगाकडे सोपवलं गेलं. ४८ व्होल्ट हा आपल्या ई-रिक्षांच्या नेहमीच्या बॅटरीचा आकडा, म्हणून मला हा चार्जर परदेशी मोटारीखालच्या शंभर किलोवॉटपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या वर असते. त्याच्यापुढे ८९ कमीच, हे कबूल. फोन टेबलावर ठेवून चार्ज व्हावा, एवढ्यासाठी दहा टक्के वीज घालवणं मला पटत नाही. पण हृदयाला पंप बसवलेल्या रुग्णाच्या पोटातून वीजतार बाहेर येते, आणि त्या भोकातून होणारा जंतुसंसर्ग हे त्या उपचाराचं मोठं दुखणं. कातडीपलीकडून वीज देता आली तर ते भोकच राहणार नाही. तिथे दहा टक्क्यांचा हिशेब कोण करील?

रिक्षास्टँडवर आपल्या चार्जरपुढचे प्रश्न मात्र साधे आणि चिवट. चालक नेमका वेटोळ्यावर थांबेल असं नाही, आणि चार बोटं सरकला तरी जुळणी बिघडते. मधे नाणं किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पडला तर तो तापून आग लागू शकते, म्हणून चार्जरला अशी वस्तू ओळखून आपणहून बंद व्हावं लागतं. पावसाळ्यात चिखल साचेल, वरून ट्रक जाईल. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर शॉर्ट सर्किटच्या झटक्याला उभा राहतो का, हे तपासून मगच त्याच्यावर भरवसा ठेवतात. या चार्जरचीही परीक्षा तितकीच कडक घ्यायला हवी, आणि ती रिक्षाखाली, भर जुलैत.