पाठीवरची राजधानी

राजधानी हलवणे म्हटले की आपल्याला देवगिरीचे दौलताबाद आठवते. महंमद तुघलकाच्या मनात आले आणि दिल्लीतल्या प्रतिष्ठितांना बिऱ्हाड बांधून दक्षिणेची वाट धरावी लागली. पण हुकूम देणारा राजाच नसेल, तर राजधानी का हलावी? अमेरिकेच्या उदयकाळाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १७७४ ते १८०० या सव्वीस वर्षांत तिथल्या काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, नऊ गावांत बैठका भरवल्या. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी या देशाची राजधानी पाठीवर होती.

सुरुवातीची स्थलांतरे सरळ आहेत. इंग्रज फौजा जवळ आल्या म्हणून डिसेंबर १७७६ मध्ये काँग्रेस फिलाडेल्फियाहून बाल्टिमोरला गेली. पुढच्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया पडलेच. तेव्हा लँकेस्टरमध्ये एक दिवस काढून काँग्रेस सस्क्वेहाना नदीपलीकडच्या यॉर्कला पोचली. तिथे ती सुमारे नऊ महिने राहिली आणि राज्यसंघाचा पहिला करारनामा तिथेच मंजूर झाला. शत्रू दाराशी आला म्हणून निघावे लागले, यात काही कोडे नाही.

कोडे पुढेच आहे. लढाई थांबल्यावर, विजय पदरात पडल्यावर राजधानी अधिकच भटकू लागली. याचे मूळ त्या करारनाम्यात होते. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमेल तसे द्यायचे. साहजिकच सैनिकांचा पगार थकला. २१ जून १७८३ रोजी शेकडो सैनिकांनी फिलाडेल्फियातल्या राज्यगृहाला वेढा घातला. त्यांचे गाऱ्हाणे होते पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कार्यकारी मंडळाकडे. पण काँग्रेसही त्याच इमारतीत बसत होती. तिने राज्याकडे शिबंदी मागितली. मंडळाचे अध्यक्ष जॉन डिकिन्सन यांना ती शिबंदी ऐन वेळी आपल्याच बंधूंवर चालून जाईल याची खात्री वाटेना. त्यांनी नकार दिला.

त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही. पण नुकतेच एका साम्राज्याला हरवलेल्या राष्ट्राच्या सभेला स्वतःच्या दारावर पहारा ठेवता येत नव्हता. ती भाडेकरू होती आणि घरमालक वेळेला उभा राहिला नाही. काँग्रेस न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला गेली आणि तिथल्या कॉलेजच्या इमारतीत बसली. मग ॲनापोलिस. तिथे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरसेनापतिपद सोडले. इंग्लंडशी झालेला तह मंजूर करण्यास तेरापैकी नऊ राज्ये हजर हवी होती. ती जमेपर्यंत १७८४ चा जानेवारी उजाडला. पुढे ट्रेंटन, मग १७८५ पासून न्यूयॉर्क.

कायमची जागा ठरेना, कारण राजधानी म्हणजे व्यापार, नोकऱ्या, कंत्राटे आणि जमिनींचे चढते भाव. हे दान शेजाऱ्याच्या पदरात पडू नये, यावर मात्र सर्व राज्यांचे एकमत होते! १७८३ च्या ऑक्टोबरात काँग्रेसने चक्क दोन राजधान्यांचा ठराव केला: एक उत्तरेत डेलावेअर नदीवर, दुसरी दक्षिणेत पोटोमॅक नदीवर. दोन्ही कागदावरच राहिल्या.

१७८७ च्या राज्यघटनेने फिलाडेल्फियाचा धडा कलमात बसवला. कोणत्याही राज्यात नसलेला, जास्तीत जास्त दहा मैल लांब-रुंद असा प्रदेश फक्त काँग्रेसच्या ताब्यात असावा, असे ठरले. संरक्षणासाठी एखाद्या राज्यावर विसंबणारे सरकार त्या राज्याच्या दबावाखाली असल्याचा संशय इतरांना येत राहील, असे जेम्स मॅडिसन यांचे म्हणणे होते.

हा प्रदेश कुठे असावा, हे ठरले कर्जाच्या सौद्यात. युद्धात राज्यांनी काढलेली कर्जे केंद्राने अंगावर घ्यावीत, हा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा आग्रह. आपले बरेच कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला तो मान्य नव्हता. जून १७९० मध्ये टॉमस जेफर्सन यांच्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला जमले. त्या एका पंगतीने किती ठरवले याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण जुलैत राजधानीचा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये कर्जाचा. उत्तरेला कर्जमुक्ती मिळाली, दक्षिणेला पोटोमॅकचा काठ. मधली दहा वर्षे फिलाडेल्फियाला.

या सौद्याला आणखी एक पदर होता. पेन्सिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा केला होता. बाहेरून आलेल्या मालकाने गुलामाला तिथे सलग सहा महिने ठेवले, तर त्या गुलामाला मुक्ती मागता येई. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन मुदत भरण्याआधी आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. मे १७९६ मध्ये त्यांच्या घरातली ओना जज ही तरुणी, घरची मंडळी जेवत असताना, बाहेर पडली आणि पुन्हा कधीच त्यांच्या हाती लागली नाही. पोटोमॅकच्या दोन्ही काठांवर, मेरीलँड आणि व्हर्जिनियात, मालकांना अशी धास्ती नव्हती. कॅपिटॉल आणि अध्यक्षांचा वाडा बांधण्यात गुलामांचे हात राबले. राजधानीत गुलामांचा व्यापार १८५० पर्यंत कायदेशीर होता आणि गुलामगिरी १८६२ मध्ये संपली.

नोव्हेंबर १८०० मध्ये काँग्रेस अर्धवट बांधलेल्या वॉशिंग्टन शहरात आली आणि भटकंती थांबली. सरकारला स्वतःची जमीन मिळाली. पण त्या जमिनीवर राहणारी माणसे कोणत्याच राज्याची उरली नाहीत. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क त्यांना १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. सिनेटमध्ये त्यांचा सदस्य आजही नाही आणि कनिष्ठ सभागृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. प्रतिनिधित्वाशिवाय कर नको, या मागणीवर हा देश उभा राहिला. सुमारे सात लाख वस्तीच्या त्याच्या राजधानीत, नेमकी हीच तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेली असते.

राजधानी कुठे असावी याची चर्चा सुरक्षितता आणि सोय या शब्दांत होते. कोणाची सुरक्षितता आणि कोणाची सोय, हे त्या सव्वीस वर्षांत प्रत्येक मुक्कामाला नव्याने ठरत गेले. त्या ठरवण्यात ज्यांना मत नव्हते, त्यांनी त्याची किंमत सर्वांत जास्त काळ मोजली.