एकच रुपया, निरनिराळे गुण

रत्नागिरीकडील जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाचें तबक बाहेर निघालें, म्हणजे त्यांत व्हिक्टोरिया राणीचे दोन-चार आणि पंचम जॉर्जचे पांच-पंचवीस रुपये बहुधा सांपडतात. आजवर त्यांची किंमत चांदीच्या भावानें होत असे. अलीकडे मात्र परगांवीं असलेलीं मुलें दिवाळीस घरीं आलीं, कीं आजीच्या डब्यांतील रुपया 'किती गुणांचा' असें विचारूं लागतात. हे गुण म्हणजे काय, आणि तेंच नाणें पुनः पुनः परीक्षेस बसवून कांहीं लोक पैसा कसा करितात, हें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

नाण्यास १ पासून ७० पर्यंत गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं आपल्या ग्रंथांत मांडली. ती मूळची तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांपुरतीच होती. अगदीं झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरिली, तर निर्दोष नाण्याची सत्तर, असें तें साधें त्रैराशिक. बाजारानें त्रैराशिक केव्हांच झुगारून दिलें. आंकडे मात्र ठेवून घेतले. (याच शेल्डनसाहेबांनीं न्यूयॉर्क येथील एका संस्थेच्या संग्रहांतील सरस सेंट उचलून त्यांच्या जागीं आपले निरस ठेवले होते, असें पुढें उघडकीस आलें. प्रतवारीचें मर्म त्यांस पुरतें उमगलें होतें यांत शंका नाहीं!)

पुढें अमेरिकेंत १९८६ सालीं पी. सी. जी. एस. व १९८७ सालीं एन. जी. सी. या कंपन्या निघाल्या. त्या शुल्क घेऊन नाणें तपासतात, गुण ठरवितात, आणि तें पारदर्शक डबींत कायमचें बंद करून वर चिठ्ठी लावितात. ६० च्या खालीं झिजलेलीं नाणीं. ६० पासून पुढें व्यवहारांत न फिरलेलीं. खरी गंमत या वरच्या अकरा पायऱ्यांत आहे. ६३ आणि ६४ यांमधील अंतर म्हणजे राणीच्या गालावरचा एखादा बारीक ओरखडा, किंवा पृष्ठभागावरील तेजाची किंचित् कमीजास्त झांक. तें ठरविणार माणसाचा डोळा, आणि तोहि कांहीं सेकंदांत. तेव्हां आज ६३ मिळालेलें नाणें दुसऱ्या खेपेस ६४ होऊन येतें, यांत नवल तें काय?

परंतु या एका पायरीनें किंमत कित्येकदां दुपटीहून वाढते. म्हणून चाणाक्ष व्यापारी ६३ च्या डब्यांतील त्यांतल्या त्यांत उजळ नाणीं निवडून विकत घेतो, डबी फोडतो, आणि नाणें नव्यानें परीक्षेस धाडतो. समजा, ६३ चें नाणें दहा हजारांचें, ६४ चें पंचवीस हजारांचें, आणि प्रत्येक खेपेस शुल्क व टपाल मिळून तीन हजार. पांच खेपांत एकदांच गुण वाढत असेल, तर पंधरा हजार खर्चून पंधरा हजारच हातीं येतात. शिवाय गुण उतरून ६२ होण्याची धास्ती निराळी. म्हणजे नफा ज्याची नजर परीक्षकाहून तीक्ष्ण त्यालाच.

यांत लबाडी आहे काय? मुलाची उत्तरपत्रिका फेरतपासणीस देणें ही लबाडी नव्हे, तशी ही नव्हे. परंतु एक भेद आहे. नाणें पांच वेळां परीक्षेस बसतें आणि सर्वांत उदार परीक्षक भेटला कीं थांबतें. आधींच्या चार कडक निर्णयांची चिठ्ठी केराच्या टोपलींत जाते. गिऱ्हाइकाच्या हातीं येतो तो सर्वांत ढिला आंकडा, आणि तो त्यास साक्षात् न्याय समजतो. जुन्या चिठ्ठ्या कंपनीस परत न गेल्यानें तिच्या यादींत एकच नाणें तीन-चार नाणीं म्हणून मोजलें जातें, तें वेगळेंच. २००७ सालीं अमेरिकेंत सी. ए. सी. नांवाची आणखी एक कंपनी निघाली. बंद डबींतील नाणें आपल्या गुणास खरोखर पात्र आहे कीं नाहीं, एवढेंच पाहून ती डबीवर टिकली लावते. परीक्षकावर परीक्षक! पेटीवर रत्नागिरी आणि आंत परप्रांतीचा आंबा, हा प्रकार अनुभवलेल्या आमच्या लोकांस यांतील मर्म निराळें सांगावयास नको.

आपल्याकडे मात्र हा उद्योग कायद्यापाशीं अडतो. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षें झालेलें नाणें ही पुरावस्तु होय. खासगी माणसानें ती देशाबाहेर धाडल्यास निदान सहा महिन्यांची कैद आहे. अर्थात् व्हिक्टोरियाचा कोणताहि रुपया परीक्षेकरितां म्हणूनसुद्धां अमेरिकेस पाठवितां येत नाहीं. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्यानें मागें घेतलेला १९११ चा प्रसिद्ध रुपयाहि आतां त्यांतच आला.

दुसरी अडचण आमच्या गृहिणींच्या उत्साहाची. दर दिवाळीस चिंच, आमसूल वा रांगोळी लावून लखलखीत केलेल्या रुपयाचा मूळ पृष्ठभाग गेलेला असतो. परीक्षक त्यास आंकडाच देत नाहीं, 'घांसलेलें' असा शेरा मारतो. माळेकरितां कडी डांकलेल्या पुतळीची तीच गत. अशा झिजलेल्या रुपयांत तोळाभर वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, हीच खरी मालमत्ता. त्यावर परीक्षेचें शुल्क भरणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. ते रुपये तबकांतच शोभतात.

ज्यांच्या डब्यांत १९३९ चा चांदीचा रुपया असेल त्यांनीं मात्र तो घांसूं नये, व दारावर येणाऱ्या खरेदीदारास देऊंहि नये. तो अत्यंत दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयावरील ८ चा ९ करणारेहि कारागीर आहेत. भिंगाखालीं तो शेवटचा आंकडा आधीं नीट पाहावा.